दाराचं माप

टाकी दारातून आत जाणार नाही हे सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या लक्षात आलं, आणि तो परका होता म्हणूनच आलं. आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. सकाळपासून अख्खं गाव ट्रकभोवती गोळा झालं होतं आणि दाराकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दार ते दार. त्यात बघायचं काय?

पूल खुला होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. त्याआधी नदीवर होती ती एक तार, तारेवर कप्पी, कप्पीला लटकलेली लाकडी पेटी, आणि पेटी ओढायला थोरले. आमच्या घरात थोरले म्हणजे एकच. घरातले कर्ते, गावाचे पेटीवाले, आणि पेटीला गिऱ्हाईक नसेल तेव्हा गावाचे गवंडी. पेटी दोन हात रुंद. माणसानं तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि थोरल्यांनी चाक फिरवायचं. जे पेटीत मावलं ते गावात आलं, जे मावलं नाही ते आलं नाही, इतका सरळ कारभार. गाई यायच्या त्या वासरं असतानाच, पाय बांधून; मोठी गाय काही पेटीत बसत नाही. स्लॅबच्या सळया वाकवून यायच्या आणि इकडे ठोकून सरळ व्हायच्या, म्हणून गावातल्या एकाही सळईची वाकण पुरती गेलेली नव्हती. कपाटं, खाटा, शाळेचा फळा, पिठाच्या गिरणीचा दगड, सगळं पलीकडे कापायचं आणि अलीकडे जोडायचं. थोरल्यांचा धाकटा भाऊ त्यावरच जगला. त्याला सगळे जोडारी म्हणायचे. आमच्या जेवणाच्या टेबलाला मधोमध जोड होता, आणि त्या फटीत तीन पिढ्यांचं खरकटं साठलंय असं आत्या, थोरल्यांची बहीण, पाहुण्यांसमोर खुशाल सांगायची.

ही टाकी आणली सुनेनं. थोरल्यांची एकुलती एक सून, मास्तरची बायको. लग्न होऊन आली तेव्हाच तिनं पाहिलं होतं की या गावात दूध भरपूर आणि ते पलीकडे जायला वाट नाही. पेटीतून जेमतेम सकाळचे कॅन जायचे. संध्याकाळचं दूध घरातच राहायचं, त्याचं लोणी व्हायचं, लोणी उरायचं, आणि बायका दाराच्या बिजागऱ्यांनाही लोणी चोळायच्या. पुलाचे खांब वर येताना दिसले तशी ही बाई दूध संघाच्या ऑफिसात जाऊन बसायला लागली. तिथल्या साहेबांनी आधी उडवून लावलं, मग चहा पाजला, मग हात टेकले. दूध थंड ठेवणारी मोठी टाकी मंजूर झाली. अट एवढीच की ट्रक येईल त्याच दिवशी टाकी खोलीत बसून सुरू झाली पाहिजे. नाहीतर ट्रक तसाच पुढच्या गावाला जाईल. त्यांचाही अर्ज होता, आणि त्यांच्याकडे रस्ता पहिल्यापासून होता.

खोली थोरल्यांनी बांधली. सुनेनं जमीन मोजून दिली, उंची दिली, पाणी वाहून जायला उतार दिला, वायर कुठून येणार तेही दिलं. थोरल्यांनी दगड असा रचला की दोन दगडांमध्ये नख शिरणार नाही. उतरत्या वयातलं त्यांचं सगळ्यात देखणं काम होतं ते. आणि त्या भिंतीला त्यांनी दार ठेवलं, गावातल्या सगळ्या दारांसारखं, पेटीएवढं.

ट्रक पुलावर आला तेव्हा सून काठावरच उभी होती. तिला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील, पोरं ओरडतील. कुणी हूं की चूं केलं नाही. पूल खुला झाल्यापासून लोक त्यावरून चालत होते, पण कठड्याला धरून, दबकत, आणि आत्या तर पहिल्या दिवशी मधोमध पोचल्यावर सवयीनं गुडघे पोटाशी घेऊन खालीच बसली होती. माणसांचं ठीक आहे. पण हा ट्रक, दहा घरांचं सामान मावेल एवढा, त्याच्यावर उन्हात लखलखणारी ती टाकी, आणि पूल काही हलत नव्हता. खाली नदी तशीच आदळत होती. ट्रक सावकाश आला, अलीकडच्या मातीवर चढला आणि थांबला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

जोडारी सगळ्यांच्या आधी ट्रकवर चढला. टाकीवरून त्यानं तळवा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वाकून खालून पाहिलं, परत मागं आला.

"जोड कुठाय?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"कसला जोड?"

"हिचा. कुठं जोडलीय ही?"

ड्रायव्हर म्हणाला, कारखान्यातूनच अशी येते, अख्खी. जोडारी खाली उतरला आणि चाकाला टेकून उभा राहिला. उभ्या जन्मात त्यानं या गावात आपल्यापेक्षा मोठी, अख्खी आलेली वस्तू पाहिली नव्हती. त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडंच राहिलं होतं, आणि आत्यानं त्याला कोपरानं ढोसलं तरी ते मिटलं नाही.

तेवढ्यात ड्रायव्हर खोलीकडे गेला, दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि त्याचे हात कोपरातच अडले.

"बाई," तो सुनेला म्हणाला, "ही आत कुठून न्यायची?"

मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण थोरले आपली काठी घेऊन पुढं झाले होते. पेटीच्या रुंदीची ती काठी त्यांच्या बापाची. गावात जे काही बांधलं गेलं ते त्या काठीनं मोजून. त्यांनी ती दाराला लावली, बरोबर बसली. टाकीला लावली, तर टाकी काठीच्या पार पलीकडे गेली. त्यांनी पुन्हा लावली. मग काठी खाली घेऊन ते नुसतेच टाकीकडे बघत राहिले.

सून दारापाशी येऊन उभी राहिली. तिनं जमीन मोजली होती, उंची मोजली होती, पाण्याचा उतार मोजला होता. दार मोजायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं या गावात राहून तिलाही दार म्हणजे एवढंच असतं असं वाटायला लागलं होतं. संघाच्या साहेबांना ती आता काय सांगणार होती? ड्रायव्हर म्हणाला, ऊन उतरेपर्यंत थांबतो, मग मला निघावं लागेल, पुढच्या गावाला जायचं तर रस्ता लांब आहे.

घरच्यांची बैठक खोलीतच बसली, रिकाम्या खोलीत, जमिनीवर. वरून न्यावी तर वर स्लॅब. आडवी करावी, उभी करावी, तर टाकी कुठूनही धरली तरी दारापेक्षा मोठी. थोरल्यांचा निर्णय मात्र झालेला होता. त्यांच्या मते यात एवढं डोक्याला हात लावण्यासारखं काही नव्हतं. आजवर जे केलं तेच करायचं. कापायची, आत न्यायची, जोडायची. घरात जोडारी आहे तो कशाला?

मास्तरनं मान हलवली. मास्तर शाळेत वर्गभर पोरांना गप्प करायचा आणि घरी बापासमोर स्वतः गप्प बसायचा. त्याचं म्हणणं पडलं की बाबांचं चुकत नाही, गिरणीचा दगड नाही का दोन तुकड्यांत आला, आजही पीठ दळतोच आहे. आत्याही सुरुवातीला भावाच्याच बाजूनं होती. एवढी सुबक भिंत, तिच्यावर घण घालायचा म्हणजे काय, असं ती म्हणाली, आणि वर हेही म्हणाली की या वयात दादा पुन्हा अशी भिंत रचू शकेल का ते कुणी सांगावं.

सून एकटी पडली. तिनं आवाज चढवला नाही. तिनं सांगितलं की टाकीला दोन कातड्या असतात, आतली आणि बाहेरची, आणि त्या दोन्हींच्या मधून थंडावा फिरतो. एकदा कापली की मग ती कितीही सुंदर जोडा, ते नुसतं भांडं झालं. शिवाय टाकी संघाची आहे, आपल्या बापाची नाही. हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं आणि मास्तरनं तिच्याकडे रागानं पाहिलं.

"भिंत फोडायची म्हणतेस," थोरले म्हणाले.

"हो, मामंजी."

"माझी भिंत."

थोरल्यांनी जोडाऱ्याला सांगितलं, ऊठ, तुझं सामान घेऊन ये. जोडारी उठला आणि दारातून बाहेर गेला.

पुढं काय झालं ते जोडाऱ्यानंच नंतर आम्हाला सांगितलं, अनेकदा, आणि दर वेळी थोडं वाढवून. सामान आणायला म्हणून तो निघाला खरा, पण पाय त्याला पुन्हा ट्रकपाशीच घेऊन गेले. त्यानं टाकीला कान लावला. बोटानं टिचकी मारली तर आतून आवाज आला, लांबवर घुमणारा, आणि कुठेही न फुटणारा. त्यानं आयुष्यात जोडलेली प्रत्येक वस्तू टिचकी मारली की जोडापाशी भद्द बोलायची. त्याला ते माहीत होतं. दुसऱ्या कुणाला ऐकू यायचं नाही, त्याला यायचं. कपाट असो, खाट असो, आमचं टेबल असो, आवाज एका जागी येऊन मरायचा. या टाकीत तो मेला नाही. तो गोल फिरून परत त्याच्या कानाशी आला. त्याला वाटलं, देवा, असंही असतं होय.

तो रिकाम्या हातानं खोलीत परत आला.

"सामान कुठाय?" थोरल्यांनी विचारलं.

"दादा, मी तिला हात लावणार नाही."

"का?"

"अख्खी आहे ती."

एवढंच. पण जोडाऱ्यानं थोरल्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. मास्तर आता आळीपाळीनं बापाकडे आणि काकाकडे बघायला लागला, कुठं सरकावं ते न कळून. थोरले भडकले. त्यांनी जोडाऱ्याची सगळी कर्मकहाणी काढली, शाळेत नापास झाल्यापासून. लोखंड हातात कुणी दिलं, हत्यारं कुणी घेऊन दिली, पेटीतून माल आलाच नसता तर जोडलं काय असतंस, असं बरंच. जोडाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, खरं आहे दादा, आणि जागचा हलला नाही.

आत्या आतापर्यंत भिंतीला टेकून बसली होती. ती तोंडानं फटकळ, थट्टेखोर, पण एका गोष्टीबद्दल ती कधीच बोलत नसे, आणि घरात सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. तिचा नवरा आजारी पडला तेव्हा त्याला बसता येत नव्हतं. पाठ सरळच होत नव्हती. पलीकडे दवाखाना होता, अलीकडे पेटी होती, आणि आडवा माणूस पेटीत मावत नव्हता. थोरल्यांनी त्याला उशा लावून, पट्ट्यांनी बांधून बसवायचा प्रयत्न केला होता, आणि तो असा ओरडला होता की आत्यानंच सोडा म्हटलं होतं. नंतर ती माहेरी आली ती कायमची.

"दादा," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "ह्यांना बसता येत नव्हतं. आठवतं ना?"

थोरल्यांनी मान खाली घातली.

"मी तुला कधी बोल लावला नाही. आजही लावत नाही. पेटीच तेवढी होती, तू काय करणार? पण आज मी काठावर उभी राहून पाहिलं. ही एवढी थोरली वस्तू, आडवी, नदीवरून आली. कुणी तिला बांधलं नाही, दुमडलं नाही. माझ्या मनात काय आलं ते माझं मला ठाऊक. आणि आता दारात आल्यावर तू तिला म्हणणार, अंग चोरून ये?"

मास्तरनं खिडकीकडे तोंड फिरवलं. जोडारी जमिनीकडे बघत होता. सुनेला वाटलं आपण इथं असायला नको होतं, आणि त्याच वेळी वाटलं की आत्यांच्या पायांवर डोकं ठेवावं.

थोरले उठून बाहेर गेले. कुणी त्यांच्या मागं गेलं नाही.

ते नदीकडे चालत गेले, पेटीपाशी. पूल झाल्यापासून एकही माणूस पेटीत बसला नव्हता, तरी ते रोज सकाळी कप्पीला तेल द्यायचे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं. त्यांनी चाकावर हात ठेवला. या चाकानं त्यांनी नवऱ्या आणल्या, वासरं आणली, औषधं आणली, याच सुनेला तिच्या ट्रंकेसकट आणलं. आपण गावाला सगळं आणून दिलं असं त्यांना आजवर वाटत आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आता पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की काय काय आलं नाही. ते कधी मोजलंच नव्हतं. न आलेलं मोजणार कसं? त्यांनी मान वर करून पुलाकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी तिकडे नीट बघायचं टाळलं होतं. खांब पाण्यातून सरळ वर गेले होते, एवढ्या लोंढ्यात, आणि पाणी त्यांना वळसा घालून निघून जात होतं. कुणी बांधला असेल? कुठून मोजायला सुरुवात केली असेल? गवंडी माणूस तो. ते चाकापाशी बसले आणि एकेक खांब निरखू लागले. एवढं मोठं काम माणसांनी केलं, आणि ते आपल्याच दारात केलं, याचं नवल त्यांना आत्ता वाटत होतं, आठवडा उलटत आल्यावर.

परत आले तेव्हा त्यांनी कुणाशी वाद घातला नाही.

"मास्तर, टेकू आण," ते म्हणाले. "जाड बघून आण. आधी स्लॅब उचलून धरायचा, मग भिंतीला हात लावायचा. आणि घण नको. छिन्नी द्या माझी."

घण त्यांनी कुणाला उचलूच दिला नाही. टेकू लागले, दाराची चौकट निघाली, आणि थोरल्यांनी स्वतः वरून एकेक दगड सोडवायला घेतला. जसा लावला तसा काढला. जोडारी खालून झेलत होता, मास्तर रचून ठेवत होता, आणि बाहेर जमलेले लोक कुजबुजतसुद्धा नव्हते. सून ड्रायव्हरला दर थोड्या वेळानं चहा नेऊन देत होती आणि उन्हाकडे बघत होती. चौथ्या कपाला ड्रायव्हर म्हणाला, बाई, बस करा, मी जात नाही कुठं, हे बघून जाईन.

भिंतीला खिंडार पडलं. खोलीत एवढा उजेड आला की सुनेनं स्वतः आखलेली जमीन तिला ओळखू येईना.

मग फळ्या लागल्या, फळ्यांवर पाईप, आणि टाकी त्यावरून घरंगळत आत आली. ढकलायला अर्धं गाव होतं, पण खरं तर तिला फार ढकलावं लागलंच नाही. आत शिरताना दोन्ही बाजूंना हातहात जागा उरली. जोडारी तिच्याबरोबर चालत होता, एक तळवा तिच्यावर ठेवून, जशी लोक म्हातारी माणसं पायऱ्यांवरून आणतात. वायर जोडली, बटण दाबलं, आणि ती घुमायला लागली.

संध्याकाळी बायका दूध घेऊन आल्या. इतकी वर्षं ज्याचं लोणीच झालं ते दूध. रांग लागली, सुनेनं प्रत्येकीचं दूध मोजून घेतलं आणि झाकण उघडून ओतलं. अख्ख्या गावाचं दूध ओतून झालं तेव्हा सगळ्यांनी वाकून आत पाहिलं. फक्त तळ झाकला होता. कुणी हिरमुसलं नाही. एक म्हातारी हळूच म्हणाली, बाई गं, केवढी जागा आहे. आणि त्या म्हणण्यावर कुणालाच हसू आलं नाही. सगळ्याजणी आत बघतच राहिल्या.

ट्रक गेला. पुलावरून जाताना ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि तो दोन्ही काठांवर घुमला. लोक पांगले. थोरले खिंडारापाशी उभे होते. एका बाजूला त्यांचे दगड नीट रचून ठेवलेले होते, आणि हातात बापाची काठी होती. ते ती खिंडाराला लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. सून कॅन धुऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"सूनबाई, उद्यापासून भिंत लावायला घेतो. दार किती रुंद ठेवू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण थोरल्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. माप तर कुणालाच विचारलं नव्हतं. सुनेनं खिंडारातून बाहेर पाहिलं. समोर नवा रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला पूल होता, आणि पुलापलीकडे रस्ता डोंगराला वळसा घालून कुठं जात होता ते इथून दिसत नव्हतं. तिनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. या टाकीएवढं म्हणावं, तर टाकी आत आली, तिचं काम झालं. यानंतर काय येईल? याहून मोठं काही असतं का, आणि असलं तर केवढं असतं?

"मामंजी, मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

थोरल्यांनी मान हलवली. काठी त्यांनी रचलेल्या दगडांवर आडवी ठेवली, सावकाश खाली बसले आणि तिलाही बसायला जागा करून दिली.

"मलाही नाही," ते म्हणाले. "राहू दे मग उघडंच. काय येतंय ते बघू."